काडाच्या थाळीचा साचा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी साचा आहे. चार खणांची जेवणाची थाळी, एवढीच माझी विद्या. वाटी करून दाखव म्हणालात तर मी हात जोडीन. म्हणजे हात असते तर जोडले असते.

एका कारागिराने मला कोरले, घासून लख्ख केले आणि मी एका लहान कारखान्यात यंत्रावर चढलो. तेव्हा माझ्यावर प्लास्टिकचा तापलेला पत्रा यायचा आणि दाब पडला की थाळी तयार. दगडावर आपटली तरी हिला काही होणार नाही, असे मालक गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुगून जाई. मालकांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे काका म्हणतात, तयार माल मागच्या भिंतीला जमिनीवरच रचून ठेवत. पाऊस येवो की ऊन, काकांनी तिकडे कधी वळून पाहिले नाही. पाहायची गरजच नव्हती.

पुढे मालक वारले आणि कारखाना त्यांच्या लेकीकडे आला. तिला सगळे ताई म्हणतात. जमिनीतून तेल उपसायचे, त्याची थाळी करायची, तिच्यात एकदाच जेवायचे आणि मग ती पतवंडांच्या काळापर्यंत उकिरड्यावर लोळत ठेवायची, ही कुठली अक्कल, असे ताई म्हणे. कापणीनंतर शेतात उरणारे गव्हाचे काड शिजवायचे, त्याचा लगदा करायचा आणि थाळ्या त्याच्याच काढायच्या, असे तिने ठरवले. काकांच्या ते गळी उतरेना. काड गुरांनी खावे, माणसांनी त्यात जेवू नये, असे त्यांचे स्पष्ट मत होते. चुलत्या-पुतणीचा हा वाद मिटेपर्यंत मी गोणपाटाखाली पडून होतो. भंगारवाला येऊन मला उचलूनही पाहून गेला. त्याचे मला फार वाईट वाटले.

शेवटी ताईने माझ्या अंगाला बारीक भोके पाडून घेतली, लगद्यातली वाफ निघून जावी म्हणून. उतारवयात कान टोचून घ्यावेत तसे झाले ते. पहिल्या थाळ्या मला चिकटून फाटल्या. काका लांबून गालातल्या गालात हसले. पण हळूहळू हात बसला आणि एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराने थाळ्या मागवल्या. माल पसंत पडला तर वर्षभराचे काम मिळणार होते. नाही तर ताईला पुन्हा प्लास्टिककडेच वळावे लागणार होते, कारण कामगारांना घरी बसवणे तिला परवडणारे नव्हते.

स्वयंपाकघराच्या व्यवस्थापक बाई माल न्यायला आल्या. गठ्ठा सोडला आणि कुबट वास सुटला. खालच्या थाळ्यांना हिरवी बुरशी धरली होती. ताईचा चेहरा उतरला. लगदा नीट वाळला नसेल, आमचेच चुकले असेल, असे ती म्हणू लागली. आजाऱ्यांना यात कसे वाढणार, असे म्हणून बाईंनी पर्स उचलली. काका दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडले नसते तर काड हरले असते आणि त्यांचे प्लास्टिक परत आले असते. काका गप्प बसतील, असेच मला वाटले.

"माल चांगला होता, बाई," काका म्हणाले. "मीच तो मागच्या भिंतीला ओल्या जमिनीवर लावला. प्लास्टिक तसंच लावायचो. त्याला कधी काही झालं नाही, म्हणून याला होईल हे डोक्यातच आलं नाही."

"आणि आता कसा ठेवाल?" बाईंनी विचारले.

काका म्हणाले, "घरात धान्य ठेवतो तसा."

बाई पुन्हा खाली बसल्या. नवा माल काढायला त्यांनी मुदत दिली आणि तो पसंतही केला. इस्पितळाचे काम आजही आमच्याकडेच आहे. बिघडलेल्या थाळ्या कुंपणाजवळच्या खड्ड्यात पुरल्या होत्या, त्यांची केव्हाच माती झाली.

मित्रांनो, मातीतून आलेली वस्तू एक दिवस मातीत जाणारच. पण तोवर तिला जपावे लागते, तेवढे मात्र करा. आता आमचा माल भिंतीपासून दूर, फळ्यांवर असतो. काम संपले की काका सगळ्यांत खालच्या थाळीवर तळहात टेकवून ओल लागते का ते पाहतात. माझा माल त्यांनी उभा जन्म उचलला, पण त्याची अशी विचारपूस करताना मी त्यांना आत्ता कुठे पाहतो आहे.