काळजाची इर्जिक

पेडगावात तानूबाईची एक म्हैस होती, चांदणी. नाव चांदणी, पण रंग असा की कावळा पाठीवर बसला तर त्याचा त्यालाच सापडायचा न्हाई. दुधावर साय अशी जाड धरायची की मांजर तिच्यावरून चालत पल्याड गेलं तरी पाय ओला व्हायचा न्हाई. कुणाला खोटं वाटत असंल तर त्यानं मांजराला इचारावं.

तर नव्वद सालच्या दिवाळीमागं ही चांदणी व्यायला झाली, आन् कळा सुरू झाल्या शेजारच्या सूर्यभानाला. म्हैस तानूबाईची, रेडकू चांदणीचं, आन् गोठ्याभोवती येरझारा घालायला हा बाबा.

त्याला कारण होतं. सूर्यभान परभणीच्या कालेजात जनावरांच्या डाक्टरकीचं मोठं शिक्षण शिकायला होता. त्याचा बाप चंद्रभान काविळीनं गेला. तवा दवाखान्यातला डाक्टर म्हणला होता, "काळीज थकलं. आठ दिवस कुणी त्याचं काम वढलं असतं, तर आपलं आपण उठून बसलं असतं." काळीज म्हंजे ते गाण्यात तुटतंय ते न्हाई बरं. बोकडाच्या मटणात खाता ते. पुस्तकात त्याला यकृत म्हणतात.

तवापासून पोराच्या डोक्यात एकच किडा. खाटकाकडून बकरीचं ताजं काळीज आणायचं, त्यातल्या पेशी काचंच्या बशीत जगवायच्या. पण त्या पेशी लय मानी. दुसऱ्या दिवशीच माना टाकायच्या. मग पुस्तकात त्याला एक वाट घावली. नुकत्याच जलमलेल्या वासराच्या नाळंत मूळपेशी असतात. कोवळ्या, आपण काय व्हायचं हे अजून न ठरवलेल्या. त्या शेजारी ठेवल्या तर काळजाच्या पेशी तग धरतील. तग धरल्या तर उद्या कधी आजारी काळजाला टेकू देता यील.

नऊ नाळा आणल्या त्यानं. एक वाटंत उन्हानं उतरली, दोन कुत्र्यानं पळवल्या, एक त्याच्या सासरवाडीच्या गोंधळात खाटंखालीच राहिली. बाकीच्या बशीपर्यंत पोचल्या, पण नासल्या. शेवटी त्याचे सर व्यंकटराव म्हणले, "सूर्यभान, दहावी नाळ शेवटची. पेशी आठ दिवस जगल्या तर ठीक. न्हाई तर विषय बदल, गोचिडावर अभ्यास कर. गोचिडाला आपल्याकडं तोटा न्हाई."

म्हणून तो त्या सकाळी बर्फाचा थर्मास घिऊन गोठ्याच्या दाराशी उकिडवा बसला होता.

"तानूकाकू, एक मागू का?"

"दूध मागू नको. अजून व्याली न्हाई ती."

"नाळ पायजे मला. रेडकाची."

तानूबाईचा हात कासंवरच थांबला. पल्याड गल्लीतली कडूबाई बसली होती, ती तर उठूनच उभी राहिली. आमच्याकडं म्हैस व्याली की नाळ-वार फडक्यात बांधून वडाला टांगायची रीत. वडाला जसा चीक, तसं म्हशीला दूध. ती परक्याच्या हातात द्यायची म्हंजे दुधाची धारच त्याच्या दारात बांधायची.

"देऊ नको ग तानू!" कडूबाई म्हणली. "पिंगळीला माझ्या मावळणीनं दिली एकाला. दुसऱ्या दिवशी म्हशीनं ताक दिलं, ताक!"

"म्हशीनं?"

"ते बी आंबट!"

"मग मीठ-जिरं बी तिनंच घातलं असंल," तानूबाई म्हणली. पण मान काय तिनं हालवली न्हाई. "सूर्या, लेका, दुसरं काय बी माग. चांदणीच्या दुधावर घर चालतंय माझं."

सूर्यभानानं बर्फाकडं बघितलं. बर्फ वितळायला लागला होता. मूळपेशी, बशी, तग, सगळं सांगून झालं होतं त्याचं महिनाभरात, आन् काकूनं सगळ्याला नुसतं "बरं" म्हणलं होतं. मग त्यानं इचारलं, "काकू, पेरणीच्या वक्ताला एखाद्याचं आंग धरलं, बैल बसला, तर गाव काय करतंय?"

"इर्जिक करतंय. आपापले बैल-गडी घिऊन जातंय, त्याचं रान पेरून देतंय."

"मग ही काळजाची इर्जिक हाय. काळीज आजारी पडलं, त्याचं रान पडीक पडायलंय. तुमच्या चांदणीचे गडी चार दिवस त्याच्या बांधावर नेऊन उभे करायचेत मला. बाबाच्या वक्ताला कुणी न्हाई मिळालं."

तानूबाईनं कासंवरचा हात काढला. चंद्रभानानं तिच्या नवऱ्याचं, आश्रुबाचं रान दोनदा पेरून दिलं होतं.

"मग आधीच सांगायचं की, येड्या! महिना झाला पेशी-पेशी करायलास. इर्जिकीला कुणी न्हाई म्हणतंय का? नाळ तू ने. वार मी वडाला बांधते."

"तानू, ताक दील ती!" कडूबाई म्हणली.

"दिलं तर तुझ्याकडं कढी करायला पाठवीन."

दहाच्या सुमाराला चांदणी व्याली. वगार झाली, लेक आईवानीच काळी. सूर्यभानानं उकळलेल्या पात्यानं नाळ कापली, बाटलीत घातली, बाटली थर्मासात ठिवली. हात धुऊन आला, लुना चालू केली आन् जो सुटला म्हंता, लुनेच्या मागं धूळ न्हाई, धुळीच्या मागं लुना धावायला होती.

कालेजात व्यंकटराव सरांनी बाटली उघडली. नाकाशी नेली. आत चिमटा घातला आन् वर काढला, तर चिमट्यात गुळाचा खडा.

"हे काय?"

सूर्यभानाला सकाळ आठवली. तो हात धुवायला गेला तवा काकू थर्मासापाशी होती. इर्जिकीला आलेल्या गड्याला उपाशी ठिवत न्हाईत. तिनं आपल्या गड्यांची न्याहारी बांधून दिली होती.

"गड्यांचं जेवण, सर," तो म्हणला आन् खाली फरशीवरच बसला. गोचीड त्याला आपल्या आंगावर चढायला लागलेली दिसली.

सर आधी रागानं लाल झाले, मग हसून लाल झाले. डोळे पुसत म्हणले, "ऊठ. केळ मातीत पडलं तर साल काढून खातोस का न्हाई? नाळ वरून खरकटी झालीय, आतून न्हाई. धू सात पाण्यानं."

धुतली. वरचं सोलून टाकलं, आतला पांढरा गर घेतला. त्यातल्या पेशी काळजाच्या पेशींशेजारी बशीत मांडल्या. पयला दिवस गेला, तिसरा गेला, पाचवा गेला. सूर्यभान जेवायचं इसरला, पण बशीतलं अन्नपाणी बदलायचं इसरला न्हाई.

आठव्या दिवशी सकाळी त्याची पेशी बघायच्या दुर्बिणीला डोळा लावायची हिंमतच होईना. तेवढ्यात बाहीर गलका झाला.

"कुणाला भेटायचंय, आजी?" शिपाई इचारायला होता.

"माझ्या गड्यांना. हटा बाजूला."

तानूबाई आत आली. सूर्यभानाचा चेहरा बघितला आन् तिनंच दुर्बिणीपुढचा स्टूल वढला.

"काकू, काय दिसतंय?"

"दम धर. माझी पापणीच दिसायली." तिनं मान तिरपी केली. "हां. मधी गोल गोल बसलेत. आन् भवती लांबडे गडी, हाताला हात धरून, तिफणीच्या तासावानी वळीनं."

"मधली गोल हायेत ती... करपल्यावानी काळी पडलीत का?"

"काळी कामून? चकचक करायलीत. घासलेल्या तांब्यावानी."

सूर्यभानानं तिला स्टुलासकट बाजूला सरकवलं. बघितलं. पुन्हा बघितलं. मग व्यंकटराव सरांनी बघितलं, लय येळ बघितलं.

"जगल्यात," सर म्हणले. "माणसाच्या कामाला यायला अजून लय वर्षं लागतील, सूर्यभान. पण जगल्यात. गोचीड दुसऱ्या कुणाला देतो."

सूर्यभान तानूबाईच्या पाया पडला. ती म्हणली, "माझ्या नको पडू. चांदणी घरी हाय."

ही गोष्ट परभणीतून निघाली तवा बशीएवढी होती. पेडगावात पोचंपर्यंत परातीएवढी झाली. तानूबाईनं सांगितलं ते एवढंच, की चांदणीच्या गड्यांनी परभणीत एक अख्खं काळीज उभं केलंय, ते काचंत बसून राम राम घालतंय, आन् म्हैस दोन शेर जास्तीचं दूध द्यायली. ह्यातलं दुधाचं खरं होतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान दात घासायला बाहीर आला तर अंगणात सतरा बाया. सगळ्यात पुढं कडूबाई, हातात म्हशीचं दावं.

"पयलं नाव माझं लिही," ती म्हणली. "माझ्या म्हशीची नाळ घे."

"आगं, तुझी म्हैस तर गाभण बी न्हाई!" मागून कुणीतरी वरडलं.

"मग? हा डाक्टर कशाला झालाय? ते बी करंल त्योच!"

सूर्यभानानं दातवण बाजूला ठिवलं आन् वही आणायला आत पळाला.