रकाना ‘कुठं असेल’

महाशिवरात्रीला कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम बसवायला कुणी येतं का? पण एकनाथ आला. अंधेरीच्या कंपनीतला इंजिनिअर, पाठीला बॅग, काखेत सीडी ड्राइव्हचं खोकं, आणि आल्या आल्या पहिलं वाक्य, "मॅडम, तीनच्या आत मोकळं करा मला." म्हणजे आम्ही त्याला बांधूनच ठेवणार होतो जसं काही.

मी वत्सला तामोरे. बोईसरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रक्ताची लॅब माझ्याकडे. रक्तदात्यांची यादीही माझीच. माझीच असं मुद्दाम म्हणते, कारण एक्क्याण्णव साली एका कारखान्यानं टाकाऊ म्हणून दिलेल्या थ्री-एटी-सिक्स कॉम्प्युटरवर, डॉसच्या काळ्या पडद्यापुढं बसून ती मी स्वतः उभी केली. सहा वर्षांत अकराशे चाळीस नावं. नाव, गाव, रक्तगट, आणि शेवटी माझ्या डोक्यातून निघालेला एक रकाना: कुठं असेल.

त्या रकान्याची किंमत बाहेरच्या माणसाला कळत नाही. आमच्या नवापूरचा खलाशी पत्त्यावर सापडत नसतो. डोलीची जाळी उधाणाच्या ओढीवर चालतात, तेव्हा तो समुद्रात. अष्टमी-नवमीला पाणी मंदावलं की होड्या किनाऱ्याला, तेव्हा तो घरी. डोंगराकडचा माणूस दिवाळी सरली की वीटभट्टीवर जातो आणि होळीला चार दिवस पाड्यावर येतो. म्हणून मी लिहिलेलं असायचं, "अष्टमीला घरी, नाहीतर बायको चिंचणीच्या बाजारात." किंवा "माघात अमक्या मुकादमाच्या भट्टीवर." फोन मोजून साठ जणांकडे होते.

आता जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या याद्या एकत्र करायचा नवा प्रोग्रॅम आला होता आणि तो फक्त विंडोज पंच्याण्णववर चालायचा. त्यात पत्त्याला तीस अक्षरं, फोनला सात आकडे. कुठं असेल, ते विचारायची सोय नाही. दोन महिने मी हे घोंगडं भिजत ठेवलं होतं. शेवटी ट्रस्टनं कळवलं, आज हो की नाही सांगा, नाही म्हणालात तर हे सगळं दुसऱ्या दवाखान्याला जाईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यादी तुझी आहे वत्सला, तूच ठरव."

मी नाहीच म्हणणार होते. आदल्या रात्री वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

एकनाथनं मशीन उघडून डिस्कला कान लावला. "खरखर कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"मग विंडोज नाही घातलं तरी ही डिस्क बंद पडणारच आहे एक दिवस," तो म्हणाला. मला त्याचा राग आला, कारण ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. त्या सहसा येत नाहीत, वॉर्डबॉयला पाठवतात. "सोमी आलीय," त्या म्हणाल्या. "पाणी गेलंय. मूल आडवं आहे. फार तर साडेचारपर्यंत थांबता येईल, मग पोट उघडायलाच हवं. रक्त हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही."

सोमी डोंगरपाड्यावरची, वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. तिचं रक्त बॉम्बे गटाचं. साध्या तपासणीत ते ओ दिसतं, पण ओचं काय, दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त मिसळलं की गुठळ्या होतात. दहा हजारांत एखादा माणूस असा. तिची आई, भाऊ, नवरा, सगळे मी आधीच तपासले होते, एकही जुळला नव्हता. बाईंनी मुंबईच्या दोन रक्तपेढ्यांना फोन केला होता. एकीकडे नव्हतं, दुसरीकडचे उद्या सकाळी सांगणार होते.

माझ्या यादीत त्या गटाचा एकच माणूस होता, नवशा. मी त्याची नोंद मागितली. पडद्यावर नाव आलं, पाडा आला, गट आला, आणि शेवटच्या रकान्यावर मशीन अडलं. डिस्क वाचता येत नाही, सोडू का, पुन्हा बघू का, असा प्रश्न. मी पुन्हाचं बटण दाबलं. पुन्हा तेच. नवव्यांदा ओळ आली. "दिवाळी ते होळी मनोरची भट्टी."

मी ती कागदावर उतरवून ड्रायव्हर दादूच्या हातात दिली. साडेबाराला जीप गेली.

"मॅडम, एक सांगू?" एकनाथनं बॅगेतून एक फ्लॉपी काढली. "काल पालघरच्या दवाखान्यात हेच बसवून आलो. त्यांची यादी यात आहे. तीन हजार नावं. तुमच्याकडे भरायलाच आणलीय."

"मग उघड."

"नवा प्रोग्रॅम असल्याशिवाय नाही उघडत."

मी त्याच्या हातातून फ्लॉपी ओढून घेतली आणि डॉसमध्ये घातली. पडद्यावर चौकोन आणि भुतासारखी चिन्हं सांडली, मशीन चार वेळा ओरडलं. मग पालघरला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका पहारेकऱ्यानं उचलला. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप, ऑपरेटर शिवरात्रीला गावाला गेलेला. बोईसरात विंडोजवाला एक कॉम्प्युटर क्लास होता, तोही बंद. एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी. सगळे महादेवाच्या रांगेत आणि आम्ही इथं.

"इथंच बसवायचं तर किती वेळ?"

"दीड तास, पावणेदोन. पण डिस्क पुसावी लागेल," एकनाथ म्हणाला. "न पुसता घातलं तर खराब जागेवर अडकून बसेल, आणि मग ना हे ना ते."

"आधी माझी यादी फ्लॉपीवर घे."

नावं-गावं-गट तीन मिनिटांत उतरले. ‘कुठं असेल’ची फाइल वेगळी होती, आणि खराब जागा नेमकी तिच्यात. दर चार ओळींनंतर मशीन अडायचं. एकनाथ कधी हळूच, कधी टेबलावर हात आपटून पुन्हा पुन्हा बघत होता. वीस मिनिटांत साठ-सत्तर नोंदी निघाल्या. कपाटात माझ्या जुन्या फ्लॉप्या होत्या, त्या काढल्या तर खाऱ्या हवेनं त्यांच्यावर पांढरी बुरशी धरलेली. मी एवढी हुशार, लॅबच्या काचपट्ट्या मोजून ठेवणारी, त्या दोन वर्षांत एकदाही उघडून पाहिल्या नव्हत्या.

"अशी सगळी काढायला रात्र होईल," एकनाथ म्हणाला. "आणि डिस्क तोवर टिकेल याची खात्री नाही."

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दहा हजारांत एक, आणि त्या फ्लॉपीत तीन हजार. म्हणजे तिथं कुणी नसण्याचीच शक्यता जास्त. त्या भरवशावर मी हजारभर माणसांचे ठावठिकाणे पुसायचे? बाळंतपणात वाहून चाललेल्या किती बायका त्याच रकान्यानं राखल्या होत्या ते मला तोंडपाठ होतं. शिवाय नवशा मनोरला नसला, तर त्याचा मुकादम कोण, त्याच्या पाड्याचं दुसरं कोण कुठं आहे, हे त्याच रकान्यातून कळणार होतं. ते पुसलं की तीही वाट बंद.

मी वर गेले. सोमी कुशीवर पडून खाटेची दांडी धरून होती. मला पाहून म्हणाली, "ताई, मिललं का?"

"बघतेय," मी म्हटलं. ती ओरडत नव्हती, दर कळेला नुसती डोळे मिटत होती, आणि ते मला बघवेना. खरं सांगते, मला तेव्हा सोमीपेक्षा यादीची भीती जास्त वाटत होती. सोमी गेली तर देवाची मर्जी म्हणून लोक गप्प बसतील. यादी गेली तर ती मी घालवली म्हणतील. हे मनात आल्याबरोबर मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेनंच मी एकनाथला म्हटलं, "पूस."

"नक्की?"

"पूस म्हटलं ना. पुन्हा विचारशील तर मी नाही म्हणेन."

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर टक्के चढू लागले. सहा वर्षं अशी गेली, दहा टक्के, वीस टक्के, आणि मी हात बांधून बघत राहिले.

दोनला दहा कमी असताना फोन वाजला. मनोरच्या नाक्यावरून दादू. "वत्सलाताय, नवशा हितं नाय. मुकादम बदलला त्यानी, दोन महिनं झालं. दुसऱ्याच भट्टीवर गेलाय म्हनतात, कुटं ते कुनाला ठावं नाय. कोनाला इचारू?"

मी पडद्याकडे पाहिलं. विंडोजचं निळं आभाळ आणि ढगाचं चित्र आलं होतं. "तिथंच थांब दादू," मी म्हटलं. "तासाभरानं फोन कर." फोन ठेवला आणि बाकावर बसले.

एकनाथची तीनची वेळ आली आणि गेली, त्याचं त्यानं नावही काढलं नाही. तीन वाजून सात मिनिटांनी प्रोग्रॅम उघडला. त्यानं पालघरची यादी भरली आणि खुर्ची मला दिली. मी गटाच्या जागी बॉम्बे लिहिलं. डिस्क खरखरली. एक नाव आलं.

नवशा.

वयावरून तोच. पत्त्याच्या तीस अक्षरांत पालघरच्या कुणा कारकुनानं पाडा न लिहिता "वीटभट्टी, माहीम रस्ता, पालघर" लिहिलं होतं. मी जवळजवळ हसले. मग शेजारचा रकाना वाचला, शेवटचं रक्त कधी दिलं त्याचा. बारा दिवसांपूर्वी. मुंबईच्या कुणासाठी मागणी आली होती, बाटली तिकडे गेली होती.

एकदा रक्त दिल्यावर तीन महिने माणसाला हात लावायचा नसतो. हे मी शाळांमधून पोरांना सांगत फिरते.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. "आण त्याला," त्या म्हणाल्या. "बघू तर खरं." दादूचा फोन आला तसा मी त्याला माहीम रस्त्याचा पत्ता सांगितला.

चार वाजून पाच मिनिटांनी जीप आली. नवशा उतरला, अंगावर विटांची लाल धूळ, गालफडं बसलेली. त्याच्यामागून एक बाई उतरली, डोक्यावरचा पदर दातात धरलेली. नवशानं कुणी काही विचारायच्या आत खुर्चीत बसून हात पुढे केला. त्याला सवय होती.

"पालघरला दिलंस ना रे बारा दिवसांपूर्वी?"

"दिला."

"मग पुन्हा कशाला आलास? सांगायचं नाही का?"

"तुमी बोलावला म्हनून आलो," तो म्हणाला. "तुमी इचारलाच नाय."

मी बोट टोचून पाहिलं. हिमोग्लोबिन नऊ. त्यातूनही बाटली काढली असती तर तो उद्या भट्टीवर विटांच्या ओझ्याखाली कोसळला असता. मी सुई खाली ठेवली. नवशाला वाटलं तो काही चुकला. "घ्या की, मला काय व्हत नाय," तो म्हणाला. माझा आवाज चढला, त्याच्यावर नव्हे, पण ऐकायला तोच समोर होता. वर थिएटरमध्ये दिवे लागले होते आणि माझ्याजवळ काही नव्हतं.

मग मी त्याला, सहा वर्षांत पहिल्यांदा, वेगळं काही विचारलं. "तुला भाऊ आहेत?"

"नाय. बहीन हाय. ही लाडकी."

दातातला पदर सुटला. ती मला न्याहाळत होती. एका आईबापाच्या लेकरांत हे रक्त चारांत एकाला असू शकतं, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. सोमीची सगळी माणसं मी तपासली, कारण ती रोगी होती. नवशा रक्त देणारा, म्हणून त्याच्या घरात कोण आहे ते मला कधी सुचलंच नाही.

"लाडकी, बोट दे."

"माजं?" ती म्हणाली. "बायांचा पन घेतात?"

घाईत पहिली काचपट्टी निसटून फुटली. दुसरीवर थेंब घेतला, साध्या ओच्या गुठळ्या करणारं रसायन टाकलं, आणि वाट पाहिली. गुठळी झाली नाही. पुन्हा केलं. नाही झाली. सोमीच्या रक्ताशी मिसळून पाहिलं, स्वच्छ. हिमोग्लोबिन पावणेबारा, नवशापेक्षा तिचंच चांगलं. बाकीच्या तपासण्या उरकेपर्यंत पावणेपाच झाले, आणि बाई जिन्याच्या टोकाशी उभ्या राहून खाली बघत होत्या.

लाडकीनं मूठ उघडमीट केली. पिशवी भरली.

सोमीला सव्वापाचला मुलगी झाली. रक्त खूप गेलं आणि ती पिशवी सगळीच्या सगळी लागली. सहा वाजता बाई खाली आल्या, बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "वाचली."

एकनाथ सातच्या गाडीला गेला. त्यानंतर मी लाडकीचं नाव भरायला बसले. नाव, वय, गट. मग स्त्री की पुरुष, असं प्रोग्रॅमनं विचारलं. असा प्रश्न माझ्या जुन्या यादीत नव्हता. बायांच्या अंगात आधीच रक्त कमी, असं म्हणून मी तो कधी घातलाच नव्हता. फ्लॉपीवर उतरवलेली माझी अकराशे चाळीस नावं मी एकेक करून खाली सरकवत गेले. सगळे पुरुष होते.