एक्का-दुर्री

खेळायला बसायचं आणि खेळायचंच नाही, याला पोकर म्हणतात. दोन पत्ते हातात, पाच मध्ये उघडायचे, आणि हातातले दोन चांगले नसतील तर ते टाकून, 'पॅक' म्हणून आधीच मोकळं व्हायचं. हे आमच्या लेकीनं, गंधालीनं, पुण्याच्या होस्टेलवरून शिकून आणलं. सुट्टीला अंबडला आली तेव्हा तिनं आईला, म्हणजे शरयूला, शिकवलं, आणि शरयूनं त्याचा माझ्यावरच प्रयोग मांडला.

त्याला कारण केदार. माझा हा मित्र जालन्यात ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकत होता आणि मला भागीदार हो म्हणत होता. कचेरीतली नोकरी सोडायची, एवढंच. चहाच्या वेळी तो फोनवर माझं उत्तर घेणार होता. मी मनातून कधीच राजीनामा दिला होता. शरयूचं म्हणणं, तुम्हाला कशालाच नाही म्हणता येत नाही. शेवटी ठरलं: चहापर्यंत मी फक्त खेळण्याजोगेच पत्ते खेळलो, तर तिचा होकार.

चिंचोके वाटून आम्ही सतरंजीवर बसलो. सत्ती-दुर्री आली, टाकली. नव्वी-तिर्री, टाकली. राजा-चौकी आली, जीव तुटला, तरी टाकली. मायलेकी मजेत खेळत होत्या आणि मी पाहुण्यासारखा बघत होतो. गुडघा हलायला लागला. पंखा कमी-जास्त केला, पाणी पिऊन आलो. पत्ते टाकून टाकून मी अगदी विटलो होतो.

मग एक्का-दुर्री आली. तीन पत्तीत वाढलेल्या माणसाला एक्का-दुर्री-तिर्री काय चीज आहे, हे सांगावं लागत नाही. मी खेळलो. गंधाली पॅक म्हणाली. मध्ये तिर्री, चौकी, पंजी उघडली आणि मी सगळे चिंचोके पुढे सरकवले. शरयूनंही लावले. उरलेले दोन पत्ते उघडले.

मी ऐटीत एक्क्यापासून पंजीपर्यंतचा शिक्वेन्स दाखवला. तिनं बदामाचे राणी-गुलाम ठेवले. मधले तीन बदाम धरून पाच बदाम, म्हणजे कलर. मी हसत ढीग ओढायला लागलो.

"बाबा, तीन पत्तीत शिक्वेन्स मोठा," गंधाली म्हणाली. "इथं कलर मोठा."

मी भांडणारच होतो. पण शरयू जिंकल्यासारखी दिसतच नव्हती.

"खरं सांगा," ती म्हणाली. "पत्ते चांगले वाटले म्हणून खेळलात, का नुसतं बसवून न्हाई राह्यलं म्हणून?"

"बसवून न्हाई राह्यलं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग दुकानाचं?"

दुकानाचंही उत्तर तेच होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"केदार, या डावाला मी पॅक," मी म्हणालो. तो बरंच काही बोलला, मला धड ऐकू आलं नाही. सोमवारची कचेरी डोळ्यांपुढे आली. फोन ठेवला तरी गुडघा हलतच होता. शरयूनं त्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पत्ते गोळा करायला घेतले.