हिलालची घागर

आमच्या मंडळात कोणालाही विचारा, सांगतील की रंजनाबाई कामाला वाघ आहे, पण तिचं तोंड सांभाळून घ्यावं लागतं. दोन्ही खरं आहे. बावीस वर्षं साड्यांना फॉल-बिडिंग करून दोन पोरं शिकवली, ती काही गोड बोलून नव्हे. पण यंदाच्या आखाजीला मी घाईघाईत एका माणसाला नको ते उत्तर दिलं, आणि ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

सुरतच्या उधन्यातल्या आमच्या खान्देशी मंडळाचा मेळा दरवर्षी आखाजीलाच भरतो. बाकीच्यांना अक्षय तृतीया म्हणजे सोनं घेण्याचा दिवस. आम्हाला तो लेकींचा, झोक्यांचा आणि पितरांचा सण. समाजाच्या वाडीच्या, म्हणजे कार्यालयाच्या, पटांगणात बांगड्यांचे, कुल्फीचे, वाफवलेल्या सुरती लोच्याचे स्टॉल लागतात, झोके बांधतात, मंडळाचे हेमराजभाऊ माईकवरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. जे काही उरतं ते पोरांच्या अभ्यासिकेला जातं. यंदा आखाजी रविवारी आली, त्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती.

माझ्याकडे घागरींचं काम. गावाकडे ज्याच्या त्याच्या घरी पितरांची घागर भरतात. मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर पाण्याचा छोटा लोटा, वर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला दोन आंबे. मग पितर म्हणून बाहेरचा एक माणूस पाटावर बसवून त्याला पोटभर जेवू घालायचं. तो जेवला की आपलं गेलेलं माणूस जेवलं. पण इथं दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण राहतात, तिथं घागर ठेवायची कुठे आणि पाट मांडायचा कुठे? म्हणून मंडळ एकत्र घागरी भरतं. घरच्यांनी नाव आणि देणगी द्यायची. घागर, पाट, जेवण आणि जेवणारा माणूस आमचा. प्रत्येक घागरीला गेलेल्याच्या नावाची चिठ्ठी लावतो. यंदा एक्केचाळीस होत्या.

एक्केचाळिसावी हिलालची.

हिलाल म्हणजे प्रमिलाबाईचा नवरा. आणि प्रमिलाबाई म्हणजे मेळ्याचा अर्धा जीव. हातावर पुरणाचा मांडा असा फिरवते की पलीकडचं दिसावं, आणि एकही खापरावर फाटत नाही. मी तिच्या सोसायटीत राहायला आले पाच वर्षांपूर्वी. त्याच्या आदल्या वर्षी, लॉकडाऊनमध्ये कापडाचे लूम बंद पडले, खोलीत दाणा राहिला नाही, तेव्हा हिलाल चार माणसांबरोबर पायी गावाकडे निघाला होता. पोरगी सोनाली लहान म्हणून मायलेकी इथंच राहिल्या. नवापूरच्या अलीकडे तो पाणी आणतो म्हणून रस्ता सोडून गेला. बाकीचे चौघं गावाला पोचले. तो पोचलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, देवरुषी झाले.

मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तिच्या घरात फोटो आहे, गुबगुबीत गालांचा, काळ्याभोर मिशांचा. गॅलरीत रंगाच्या डब्यांमध्ये आंब्याची पाच रोपं आहेत, ती त्याचीच. आंबा खाल्ला की कोय स्वच्छ चोखायची, रुमालात बांधून आणायची आणि लावायची, ही त्याची खोड. शेत नाही, बांध नाही, तिसऱ्या मजल्यावर आमराई. प्रमिलाबाई कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावते आणि विचारलं की एकच सांगते, "सोनालीना बाप येई." त्याचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव घेत नाही. ते मला रेशनकार्डावरून कळलं.

आखाजीच्या आठ दिवस आधी गावाहून हिलालच्या धाकट्या भावाचा, दत्तूचा फोन आला. "ताई, एक घागर भावाच्या नावानं भरा. वहिनीला कळू देऊ नका. तो रोज स्वप्नात येतो आणि पाणी मागतो. सहा वर्षं झाली ताई, तो तहानलेला आहे." बोलता बोलता तो रडायला लागला.

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याची बायको इथं, आमच्यात, रोज कुंकू लावून वावरते. तिला न विचारता तिच्या नवऱ्याला पितरांत बसवायचा मला काय अधिकार? पण खरं सांगायचं तर मला प्रमिलाबाईचा रागही यायचा. किती दिवस ही अशी दाराकडे बघत बसणार, कोणीतरी हिशेब मिटवायला नको का, असं वाटायचं. मी हो म्हटलं. घागर शेवटच्या रांगेत अगदी टोकाला ठेवू, प्रमिलाबाई दिवसभर चुलीपाशी पडद्याआड असते, तिला काय दिसणार, असा मी विचार केला. चिठ्ठी मीच लिहिली.

दुपारी बारा वाजता पानं वाढली. आमच्याकडे नियम असा की सगळे पाट भरल्याशिवाय पहिला घास कोणी घ्यायचा नाही. पितर सगळे एकदम जेवतात. चाळीस माणसं बसली. लूमवरचे, रिक्षावाले, एक रिटायर पोस्टमन. एक्केचाळिसाव्या पाटाचा माणूस, आमचा लोटू, आयत्या वेळी पोट बिघडलं म्हणून आलाच नाही. मांडे गार व्हायला लागले. हेमराजभाऊ माईकवरून "रंजनाबाई, रंजनाबाई" करून माझी शोभा करत होते. मी तणतणत गेटपाशी गेले.

गेटवर भिकन पावत्या फाडत होता. त्याच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत, एक माणूस उभा होता. वाळलेला, दाढी पांढरी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आत यावं की नको अशा बेतानं उभा.

"दादा, जेवायचंय?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली.

"पितर म्हणून बसावं लागेल. चालेल ना? इथं तुमच्या घरचं कोणी नाही ना?" घरचा माणूस घरच्या घागरीवर बसवत नाहीत, म्हणून विचारावं लागतं.

तो माझ्या खांद्यावरून आत, चुलीच्या धुराकडे बघत होता. माझ्या हातातल्या घड्याळात बारा वीस झाले होते. मी त्याला दंडाला धरून जवळजवळ ओढतच नेलं. दंड बर्फासारखा गार होता. एप्रिलचं ऊन, चाळीस डिग्री, आणि दंड गार. मला वाटलं, नळावर धुतला असेल.

पाटावर बसला आणि त्यानं समोरची चिठ्ठी वाचली. वाचतच राहिला. मी त्याच्या पानात मांडा वाढत होते.

"हे नाव कोणी दिलं?" त्यानं विचारलं. आवाज फार हळू.

"घरच्यांनी. दुसरं कोण देणार?"

"मंडळी आहे का त्यांची?"

"आहे की. हे मांडे तिच्याच हातचे. तिकडे आत करतेय. जेवा आता, चाळीस माणसं खोळंबलीत."

"घरच्यांनी." हेच ते उत्तर. भावानं दिलं, तिला माहीतसुद्धा नाही, एवढं सांगायला किती वेळ लागला असता?

तो जेवला. मी पाहिलं, कारण असं जेवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. प्रत्येक घास हातात धरून आधी त्याच्याकडे बघायचा. दोन मांडे आणखी मागून घेतले. घागरीजवळचा आंबा उचलला, खाल्ला, कोय चोखून चोखून पांढरी केली आणि खिशातून रुमाल काढून त्यात बांधली. काय चिकट माणूस, असं माझ्या मनात आलं. खरंच तेवढंच आलं. तेवढ्यात पहिल्या रांगेत कोणाचा तरी लोटा कलंडला आणि मी तिकडे धावले. परत आले तेव्हा पाट रिकामा होता.

पान चाटून पुसून साफ. चिठ्ठी नव्हती. घागर जागेवरून सरकली होती म्हणून नीट करायला हात लावला तर ती हलकी लागली. आत पाण्याचा थेंब नव्हता. बाकीच्या चाळीस काठोकाठ भरलेल्या, आणि खाली जमीन कोरडी.

तेव्हा कुठे रुमाल आणि कोय माझ्या डोक्यात एकत्र आले. मी गेटकडे पळाले.

"भिकन, तो दाढीवाला कुठे गेला?"

"कोण दाढीवाला?"

"अरे मघाशी मी आत नेला तो!"

"बेन, तुम्ही एकट्याच आत गेलात," भिकन म्हणाला. "बडबडत होतात. मला वाटलं, हेमराजभाऊंना शिव्या देताय."

भिकन पावत्या फाडताना फोनवर क्रिकेट बघत असतो. त्याच्या समोरून हत्ती गेला तरी त्याला कळणार नाही. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि आजही सांगते. मी रस्त्यावर पाहिलं, बसस्टॉपवर पाहिलं, फ्लायओव्हरच्या खाली पाहिलं. रविवारच्या उन्हात माणूस नव्हतं.

परत आले तर प्रमिलाबाई शेवटच्या पाटासमोर उभी होती. चूल विझली होती, मांडे कसे झाले ते विचारायला ती बाहेर आली होती. हातांना कोपरापर्यंत पीठ. आता तिथं चिठ्ठी नव्हती, मला खोटं बोलता आलं असतं. कोणाचीही घागर आहे म्हणून सांगता आलं असतं. पण माझा चेहराच तसा झाला असणार.

"आठे कोन बसेल व्हता?" पाटाकडे बोट करून तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. दत्तूचा फोन, चिठ्ठी, गेट, चपला, गार दंड. कोयीचं सांगितलं तेव्हा ती हळूच खाली त्या पाटावर बसली.

"पोटभर जेवना का?"

"हो. दोन मांडे मागून घेतले."

"मी मझार शे हाई सांगं तू त्याले?"

"आत आहेस म्हणून सांगितलं."

"आनि घागर कोनी भरी म्हनीसन सांगं?"

मी मान खाली घातली. "घरच्यांनी."

तिनं ओरडावं, मला मारावं, असं मला फार वाटत होतं. तिनं फक्त रिकाम्या घागरीवरून हात फिरवला. तो मेलेला असेल तर आपल्या घागरीचं पाणी पिऊन तृप्त होऊन गेला. जिवंत असेल तर सहा वर्षांनी कसाबसा दारापर्यंत आला, आणि बायकोनं आपल्याला पितरांत बसवलंय हे वाचून, तिच्या हातचं जेवून, परत फिरला. दोन्हींतलं कोणतं बरं, हे मला आजही ठरवता येत नाही. तिला मात्र ठरवायची गरज पडली नाही. ती उठली आणि सरळ हेमराजभाऊंच्या टेबलापाशी गेली.

हेमराजभाऊ हरवलेल्या पोरांची नावं सांगत होते. तिनं त्यांच्या हातातून माईक घेतला. त्यांना वाटलं, मांड्यांबद्दल काही सांगायचं असेल.

"हिलाल," ती म्हणाली.

सगळ्या पटांगणात, झोक्यांवर, बाहेर रस्त्यावरच्या भोंग्यातून ते नाव गेलं. जुन्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. लग्न झाल्यापासून तिनं ते घेतलं नव्हतं.

"हिलाल, ती घागर मी नही भरी. मी कधीच नही भरी. घर ये."

मग तिनं माईक माझ्यापुढे धरला. "घरना लोकेस्नी भरी म्हनीसन तूच सांगं ना त्याले? आते तूच सांग."

मला बोलायला कधी कोणाला शिकवावं लागलं नाही. त्या दिवशी मी आधी पदराला हात पुसत राहिले. सगळं मंडळ माझ्याकडे बघत होतं. ज्यांना मी वर्षानुवर्षं फैलावर घेतलं ते सगळे. मी माईक घेतला.

"दादा," मी म्हटलं, "नाव प्रमिलाबाईंनी दिलं नव्हतं. बाईंना काही माहीत नव्हतं. चिठ्ठी मी लिहिली होती. मी, रंजनानं. चूक माझी आहे. बाई अजून तुमची वाट बघतात." मी तिथंच, सगळ्यांसमोर, रडले.

आम्ही दोघी झोके सोडेपर्यंत गेटवर बसलो होतो. कोणी आलं नाही. दाढीवाली माणसं खूप गेली, पण एकही थांबलं नाही. संध्याकाळी भिकननं आम्हाला न मागता चहा आणून दिला.

त्याला आता काही महिने झाले. प्रमिलाबाई अजून कुंकू लावते. माझ्याशी बोलते, पूर्वीइतकं नाही. तिच्या गॅलरीत पाच डब्यांच्या शेजारी आता सहावा डबा आहे, माती भरून, भुसभुशीत करून ठेवलेला. त्यात काही लावलेलं नाही. ती रोज सकाळी पाचांबरोबर त्यालाही पाणी घालते. गावाला जाते तेव्हा खोलीची किल्ली माझ्याकडे देते, आणि ते पाणी मी घालते.