वाळत घातलेला स्पीकर

तेरेतियानं रेडिओचा शेवटचा स्क्रू करवंटीत टाकला आणि मागचं झाकण उचललं. आतून चमचाभर खारं पाणी आलं आणि त्यामागून नखाएवढा एक जिवंत खेकडा. त्याचा रुबाब असा, की घर त्याचं आणि आगंतुक ही.

"टाकून दे," मागे बसलेला तिचा बाप काइतारा म्हणाला. "समुद्रानं घेतलं ते घेतलं. परत मागू नये."

"समुद्रानं कुठे घेतला? होडीतून उतरताना तुम्ही पाडलात," तेरेतिया मान वर न करता म्हणाली. म्हातारा त्यावर काहीच बोलला नाही. हल्ली तो असाच वागायचा. मनात आलं तर बोलायचा, नाहीतर ढिम्म. सकाळी नीरा काढायला माडावर चढला की गाणं म्हणायचा, तेही आता इतकं बेसूर, की खालच्या बायका म्हणायच्या, काइतारा, हळू, नारळ नासतील.

रेडिओ टाकून देणं तिला परवडणारं नव्हतं. जपानी, आठ ट्रान्झिस्टरचा, चामड्याच्या वेष्टनातला हा रेडिओ तिचा खलाशी नवरा बैतेके पहिल्या जहाजावरून घेऊन आला होता. बेटाच्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून तो कसा उघडायचा, पुसायचा आणि बंद करायचा, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. "काढलंस त्याच्या उलट लावत जा. एक जरी स्क्रू उरला, तरी डोकं चाललं नाही असं समज." मग तो दुसऱ्या जहाजावर गेला आणि रेडिओ बापाच्या हाती आला.

गावात रेडिओ हा एवढाच. रोज संध्याकाळी तारावाहून, मुख्य बेटावरून, बेटाबेटांसाठी निरोप वाचले जात. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कुठल्या बोटीनं येतंय. बोट येईपर्यंत नवे सेल मिळत नसत, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवायचा, गावानं मनेआबाच्या, म्हणजे गावबैठकीच्या मोठ्या छपराखाली गोळा व्हायचं, आणि एका वडीलधाऱ्यानं रेडिओ कानाला लावून निरोप मोठ्यानं सांगायचे, ही रीतच पडली होती. तो मान काइताराचा. त्याच्याशिवाय कुणी रेडिओला हात लावत नसे, आणि नीट ऐकलंत ना, असं वडीलधाऱ्याला विचारायची गावात पद्धत नव्हती.

बैतेकेचा निरोप बापाच्या तोंडून अधूनमधून यायचा. मी मजेत आहे, फेरी संपत आली, येतो. एवढ्या शब्दांवर तेरेतियानं बारीक विणीची नवी चटई विणायला घेतली होती आणि एक डुक्कर वेगळं बांधून पोसलं होतं. आता बोट आठवड्यावर आली होती. बैतेके तिच्यावर आहे की नाही, हे ऐकायचं तर याच दिवसांत ऐकायचं.

तिनं आतली पट्टी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात धुतली. सेलच्या टोकांवरची हिरवी बुरशी लिंबानं घासली. काटा फिरवणारी दोरी कुजून तुटली होती, तिथं मासे धरायची बारीक तंगूस चाकावरून ओवून बसवली. काटा सुरकन सरकला तेव्हा तिला आनंद झाला, आणि हे दाखवायला बैतेके इथं हवा होता, असंही वाटलं. स्पीकरचा कागद तेवढा भिजून लिबलिबीत झाला होता. तो उन्हात धरला तर तडकतो. तिनं स्पीकर सोडवून सावलीत उशाशी वाळत ठेवला, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून सेल घालून डबा तसाच बंद करून टाकला. स्पीकर उद्या लावू म्हणाली, आणि कंद खणायला खाचरात गेली.

परत आली तर चटईवर फक्त स्पीकर होता.

"तुझ्या बापाला बोलवून नेलं," शेजारीण ओरडून म्हणाली. "तू दुरुस्त केलास म्हणे. गाव खूश आहे हो तुझ्यावर!"

मुका रेडिओ घेऊन बापाचं चारचौघांत हसं होणार, म्हणून तेरेतिया स्पीकर फडक्यात गुंडाळून धावतच सुटली. मनेआबाशी पोचली आणि पाय जागच्या जागी थांबले.

बाप सांगत होता.

मधोमध मांडी घालून, डोळे मिटून, रेडिओ कानाशी दाबून तो एकेक निरोप खणखणीत आवाजात सांगत होता. "म्हातारी मारेवे, तुझ्या नातवाला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप." मारेवे रडत हसली. "तुमचा भाऊ इस्पितळातून घरी आला." कुणीतरी टाळी वाजवली. मग तो म्हणाला, "तेरेतियाला बैतेकेचा निरोप. मी मजेत आहे. फेरी संपत आली. येतो."

स्पीकर तिच्या हातात होता. त्याच्या दोन्ही वायरी फडक्याबाहेर लोंबत होत्या.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिनं फडकं उघडून पुन्हा पाहिलं. मग वडीलधाऱ्यांच्या समोरून जायचं नसतं म्हणून कडेकडेनं, वाकून, ती बापाच्या पाठीशी जाऊन बसली. "बाबा," ती म्हणाली. त्याची मान हलली नाही. मग जरा मोठ्यानं, "बाबा." समोरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. बापानं नाही.

तिनं मागचे निरोप आठवून पाहिले. कितीतरी महिन्यांत गावात कुणाच्याच घरची वाईट बातमी आली नव्हती. पाद्रीबाबांनी त्याबद्दल आभाराची प्रार्थनासुद्धा घेतली होती.

घरी आल्यावर तिनं स्पीकर बापाच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या तोंडासमोर बसून विचारलं, "हा बाहेर होता. मग तुम्ही काय ऐकलंत?"

काइतारानं स्पीकर उलटसुलट करून पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग सुटल्यासारखं काहीतरी.

"काही नाही," तो म्हणाला. "पश्चिमेचे वारे सुटले होते ना, तेव्हापासून काहीच नाही. लोक येऊन बसतात, बाळ. त्यांना काय सांगू, घरी जा म्हणून? मी चांगलंच सांगितलं. वाईट कुणाचंच सांगितलं नाही."

"बैतेकेचं सगळं खोटं?"

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं.

"या कानांनी नीट ऐकलेला शेवटचा निरोप त्याच्याबद्दलच होता," तो म्हणाला. "बैतेकेच्या बायकोनं मिळेल त्या बोटीनं तारावाला जहाजाच्या कचेरीत यावं. एवढाच. तीन संध्याकाळ वाचला."

असा निरोप कशाचा असतो हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खलाशाची बायको कचेरीत बोलावली जाते ती एकाच कारणासाठी.

"तू समोर बसली होतीस. चटईची पानं सोलत होतीस. माझ्या तोंडून निघून गेलं, तो मजेत आहे म्हणून. मग दुसऱ्या दिवशी तेच सांगावं लागलं. त्यानंतर कान गेले. देवानं बरोबर जागा शोधली."

तेरेतियानं करवंटी जवळ ओढली, झाकण उघडलं, स्पीकरच्या वायरी बसवल्या, आणि एकेक स्क्रू पिळला. एकही उरला नाही. बटण फिरवल्यावर ओलसर, घोगरा, पण स्पष्ट आवाज आला. निरोप चालूच होते. कुठल्याशा बेटावरच्या कुणाची तरी आई वारली होती. बाप तिच्याकडे बघत होता, आवाज आला की नाही ते तिच्या चेहऱ्यावर शोधत होता.

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि इतके महिने नवऱ्यासाठी राखून ठेवलेलं आणि आता बापाला ऐकवायचं, असं सगळं ती भिंतीला बोलत सुटली.

"इकडे तोंड करून बोल, बाळ," मागून काइतारा म्हणाला. "मला दिसत नाही."

ती वळली नाही.