तसबिरीची काच

या, असे पुढं सरका. खांबाला टेकलेत ते काका, तुम्हीपण या. बुवांनी आख्यानाला हात घातला की आपण आपोआप जसे पुढं सरकतो ना, तसे सरका. आज तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात राजा नाही, राणी नाही. तेलाच्या गिरणीतला एक एकटा माणूस आहे आणि त्यानं गिळलेला एक शब्द आहे. ऐकाल तर तुमच्या जिवाला लागेल, एवढं वचन देतो.

निजामाचं राज्य जाऊन बराच काळ लोटला होता, आपला मुलूख महाराष्ट्रात आला होता. तामलवाडीच्या शिवारात, सोलापूरच्या रस्त्याला लागून शेंगदाण्याच्या तेलाची एक गिरणी उभी राहिली होती. तिच्या बॉयलरवर माणिकप्पा नावाचा गडी कामाला होता. मूळचा तो कर्नाटकाच्या हद्दीकडचा. बायको सिद्धम्मा, ती बाळंतपणात गेली, मूलही तिच्याबरोबर गेलं. पुन्हा लग्न त्यानं केलं नाही. गिरणीच्या आवारातली एक खोली, चूल, दोन भांडी, असा त्याचा संसार.

बॉयलरच्या भट्टीत जळणाचं तेल फवाऱ्यानं आत जायचं आणि पेटायचं. या कामात भीती एकच. ज्योत मधेच विझली आणि तेल मात्र आत पडत राहिलं, तर तापलेल्या भट्टीत त्याचा धूर कोंडतो आणि मग एकदम भडका होतो. दार उडतं, पत्रे उडतात, समोर असेल तो माणूसही उडतो. म्हणून एकानं सदा ज्योतीवर नजर ठेवायची, ती गेली रे गेली की तेलाचा कॉक, म्हणजे नळीची तोटी, बंद करायचा. हे काम चाँदपाशाचं होतं.

चाँदपाशा नळदुर्गचा. माणिकप्पाहून पुष्कळ मोठा, निजामाच्या काळात कापसाच्या जिनिंगच्या इंजिनावर राबलेला. भट्टीच्या भोकाला डोळा लावून बसायचा आणि तोंडानं अखंड बोलत असायचा. माणिकप्पाला कीर्तनाचं वेड. मारुतीच्या देवळात बुवा आले की तो पहिल्या रांगेत. सकाळी कामावर आला की चाँदपाशा विचारायचा, "हं, बोल माणिक. काल तुमच्या बुवानं काय सांगितलं?" मग माणिकप्पा हातवारे करत सगळं आख्यान परत लावायचा. चाँदपाशा ज्योतीवरची नजर न हलवता ऐकायचा. मधेच म्हणायचा, "थांब थांब, तो राजा जंगलात गेला तर घरची भाकरी कोण थापीत होतं? हे बुवानं न्हाय सांगितलं?"

"न्हाय चाँदभाई."

"मग कसला बुवा! पुढच्या खेपेला इचार त्याला."

असे त्यांचे दिवस चालले होते.

मग गिरणीच्या शेटनं तेल फवारून पेटवणारा परदेशी बनावटीचा नवा बर्नर आणला आणि त्याच्याबरोबर डोळा आला. वीतभर लांबीची एक नळकांडी, भट्टीच्या तोंडाशी तिरकी बसवलेली. आत काचेची नाजूक कुपी. सोलापूरहून विरुपाक्ष नावाचा मेकॅनिक तो बसवायला आला. पोरगा हुशार, मनमिळाऊ. माणिकप्पाला शेजारी बसवून त्यानं सगळं नीट समजावलं.

"अप्पा, ज्योतीतून एक उजेड निघतो, जांभळ्याच्याही पलीकडचा. तुम्हाआम्हाला तो दिसत न्हाई, या डोळ्याला तेवढाच दिसतो. भट्टीच्या विटा तापून लालभडक झाल्या तरी हा फसायचा न्हाई. ज्योत गेली की तेल आपोआप बंद."

"आन् ही पुढची काच?"

"तिला जपा. ती साधी काच न्हाई, गारगोटीपासून केलेली आहे. साध्या काचेतून तो उजेड पार होत न्हाई. तुम्हाला आरपार दिसेल, पण डोळा आंधळा होईल. तेलाचा हात लागला तरी तसंच. रोज मऊ फडक्यानं पुसायची. आणि फुटली तर मला कळवा, इथं काही लावू नका."

माणिकप्पानं मान हलवली आणि सगळं लक्षात ठेवलं.

डोळा आला आणि चाँदपाशाला घरी बसवलं. मॅनेजर दत्तोपंत वाईट माणूस नव्हते, पण हिशेबी. म्हणाले, "एका ज्योतीला दोन-दोन डोळे कशाला पोसायचे?" चाँदपाशा हसला, टोपी झटकली, माणिकप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि नळदुर्गला लेकीकडं, ताहेराबीकडं गेला.

त्यानंतर माणिकप्पाचे दिवस कसे गेले, ते काय सांगू! सकाळी काच पुसायची. यंत्राच्या डोळ्यावर हाताचा आडोसा धरून बघायचं, बर्नर बंद पडतो का. पडला की डोळा शाबूत. परत पेटवायचं. मग दिवसभर बर्नरचा घुमणारा आवाज आणि तो. डोळ्याची चूक कधी व्हायची नाही, पण तो काही विचारायचाही नाही. देवळात कीर्तन ऐकताना एखाद्या जागी डोळ्यांत पाणी आलं की माणिकप्पाच्या मनात यायचं, हे उद्या चाँदभाईला सांगू. आणि लगेच आठवायचं. पुढं पुढं तो शेवटच्या रांगेत बसू लागला. आरती व्हायच्या आधीच उठून जायचा.

एका सकाळी पत्र्यातून गळलेलं पाणी तापलेल्या नळकांडीवर पडलं आणि काच तडकली. ऐन हंगाम. अंगणात शेंगांचे ढीग लागलेले. दत्तोपंतांनी सोलापूरला निरोप पाठवायचा विचार केला, पण काच मुंबईहून यायची, तोवर गिरणी बंद ठेवायची कशी? त्यांनी तुळजापूरला माणूस धाडला. देवीच्या तसबिरी मढवणाऱ्याकडून बरोबर मापाची गोल काच कापून आली. स्वच्छ, एक डाग नाही. पंतांनी ती उजेडाला धरली.

"बघ माणिकप्पा, कशी लखलखीत हाय! बसवू ना?"

माणिकप्पाच्या तोंडात शब्द आला. विरुपाक्षाचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. पण त्याच क्षणी दुसरंही आठवलं. डोळा आंधळा झाला तर ज्योत बघायला माणूस लागेल. आणि पंत दुसऱ्या कुणाला बोलावणार?

"बसवा की," तो म्हणाला.

काच बसली. बर्नर पेटला आणि क्षणात बंद पडला. पुन्हा पेटवला, पुन्हा बंद. आत ज्योत धडधडीत जळत होती, पण डोळ्याला काही दिसत नव्हतं. पंत वैतागले. "परदेशी माल म्हणून डोक्यावर घेतला, आणि हा असा! बिघडला हा डोळा." वायरमनला सांगून त्यांनी डोळ्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या. म्हणजे डोळ्यानं काही बघितलं नाही तरी बर्नर चालूच राहणार. आणि पंत म्हणाले, "चाँदपाशाला बोलावून घ्या."

चाँदपाशा दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं आला.

"काय रे, माझी परदेशी सवत आंधळी झाली म्हणं!"

माणिकप्पा इतका हसला की त्याला ठसका लागला. किती तरी दिवसांनी त्याचा आवाज त्या खोलीत घुमला. साठून राहिलेली सगळी आख्यानं त्यानं एकेक करून काढली. दुपारी दोघं एका फडक्यावर भाकरी सोडून बसायचे. चाँदपाशा मधून मधून म्हणायचा, "ये, तू पण बघ जरा, आज रंग कसा हाय?" माणिकप्पा भोकाशी वाकून सांगायचा, "पिवळाधमक हाय, चाँदभाई." "शाबास. मला बी तसाच वाटला." हा म्हाताऱ्याचा खेळ आहे असं माणिकप्पाला वाटायचं. गिळलेला शब्द मात्र रात्री अंथरुणावर घशाशी यायचा. तो कूस बदलायचा.

एकदा भर दुपारी माणिकप्पा पाण्याची पातळी बघत होता. मागं चाँदपाशा भोकाशी बसून आपल्या नातवाची काही गंमत सांगत होता. आणि बर्नरचा घुमणारा आवाज बदलला. मोठा नाही, जरासा पोकळ झाला.

"चाँदभाई, ज्योत हाय का?"

"जळतीय की. लाल हाय चांगली."

लाल? ज्योत तर रोज पिवळी असायची. धावत येऊन माणिकप्पानं भोकातून पाहिलं. ज्योत नव्हती. तापलेल्या विटा तेवढ्या लाल दिसत होत्या आणि त्यांच्यापुढं तेलाचा पांढरा धूर दाटत होता. त्यानं चाँदपाशाला कोपरानं मागं ढकललं, तेलाचा कॉक बंद केला, हवेचा पंखा सगळा सोडला आणि म्हाताऱ्याला मिठीत धरून भिंतीआड बसला. बाहेर धुराड्यातून पांढरा लोट निघाला. निघत राहिला. मग पातळ झाला. देवानं लाज राखली, भडका झाला नाही.

दोघंही धापा टाकत होते. चाँदपाशा हळूच म्हणाला, "माणिक, मला दिसत न्हाय."

"काय?"

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. नुसता उजेड कळतो, बाबा. कसला उजेड, ते न्हाय कळत."

"मग आलात कशाला, चाँदभाई?"

म्हाताऱ्यानं जमिनीवर चाचपत आपली टोपी शोधली. "लेक चांगली हाय, जावई चांगला हाय. खायला घालतात. पण बोलतं कोण तिथं? पंतांचा माणूस आला, मला वाटलं, चला, माणिकजवळ बसू. तुला रंग इचारीत होतो, भागत होतं."

माणिकप्पाला हुंदका आला. मग त्यानंही सांगितलं. काचेचं, विरुपाक्षाच्या ताकिदीचं, आपल्या गिळलेल्या शब्दाचं, सगळं.

चाँदपाशाचे खांदे हलू लागले. तो हसत होता. "अरे येड्या! माझ्या सोबतीसाठी गिरणी उडवाया निघाला होतास? आन् म्या तरी काय केलं? दोघं बी सारखेच." हसता हसता त्याचा आवाज बसला. "बाहेर अंगणात शेंगा फोडाया बाया बसतात रे. त्यांच्याजवळ लेकरं असतात. जा. पंतांना सांग."

"सांगितलं तर तुम्हाला जावं लागंल."

"व्हय. जा म्हणतो ना."

माणिकप्पा गेला. पंतांपुढं उभा राहून त्यानं काचेचं खरं सांगितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं सांगताना मात्र तो अडखळला, पण तेही सांगितलं. पंतांचा चेहरा पांढरा पडला. कारण ते रोज भट्टीच्याच भिंतीपलीकडं बसत.

"तुला ठाऊक होतं, तर तेव्हाच का बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर चाँदभाई आले नसते."

 पंत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तारा मी जोडायला लावल्या. पाप एकट्या तुझं न्हाई." त्यांनी भट्टी बंद ठेवली, सोलापूरला निरोप धाडला. हंगामाचं नुकसान सोसलं.

चाँदपाशा त्याच संध्याकाळी निघाला. रस्त्यावर एस.टी. थांबली तेव्हा माणिकप्पानं त्याला हाताला धरून पायरी चढवली. कंडक्टर म्हणाला, "चला बाबा, लवकर." खिडकीशी बसून चाँदपाशानं हात बाहेर काढला, पण माणिकप्पा दुसऱ्या बाजूला उभा होता. तो धावत फिरून येईतो गाडी हलली.

गारगोटीची काच आली, विरुपाक्षानं बसवली, जोडलेल्या तारा सोडवल्या. त्यानं डोळ्यावर हात धरला, बर्नर बंद पडला. हात काढून पेटवला, पेटला. "आता चोख हाय, अप्पा," तो म्हणाला. पंतांनी माणिकप्पाला कामावरून काढलं नाही. चाँदपाशा पुढच्या थंडीत गेला. निरोप उशिरा पोचला, माती द्यायला माणिकप्पा नव्हता.

त्यानंतर कित्येक वर्षं माणिकप्पा त्या डोळ्याजवळ बसला. रोज काच पुसली, रोज डोळा पारखला. गिरणीत कुणाच्या केसालाही कधी धक्का लागला नाही. शेंगा फोडणाऱ्या बायांना, त्यांच्या लेकरांना याची खबरसुद्धा नव्हती, आणि त्यानंही ती कुणाला दिली नाही. खरं बोलल्यानं त्याचं एकच माणूस होतं तेही जाणार, हे माहीत असून तो बोलला होता. पुढं तो स्वतः गेला तेव्हा गिरणीच्याच चार गड्यांनी खांदा दिला.

तर मायबाप हो, आता तुम्ही घरी जाल. देवापुढं हात जोडाल, आपल्या लेकराबाळांची, गेलेल्या आईबापांची नावं घ्याल. त्या नावांत एक नाव माणिकप्पाचं घाला. त्याचं नाव घेणारं त्याच्या घरी कुणीच उरलं नाही.