बोंबील राखणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, लाल रंग उडालेला, टोपलीएवढ्या तोंडाचा. मला हळू बोलता येत नाही आणि गोड बोलायला कुणी शिकवलं नाही. त्यामुळे जे सांगायचं ते सरळ सांगतो. ज्याला लागेल त्यानं लावून घ्यावं.

माझ्या पोटात विजेचं चुंबक आहे आणि घशात एक पातळ पत्रा. वीज आली की तो पत्रा थरथरतो आणि मी ओरडतो. एवढंच माझं शिक्षण. तेवढ्यावर मला बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पाळी सुरू झाली की ओरडायचं, पाळी सुटली की ओरडायचं. साहेब एकदा माझ्याखाली उभे राहून म्हणाले, "आवाज दमदार आहे." आयुष्यातलं पहिलं कौतुक! पण ज्यांच्यासाठी ओरडायचो ती माणसं मला शिव्या द्यायची. टपरीवर अर्धा चहा टाकून पळायची आणि पळता पळता म्हणायची, "साला, फिर बज गया!" माझा आवाज ऐकून कुणी हसलंय, असं तिथे एकदाही झालं नाही.

मग फाटकावर बोट टेकवून हजेरी लावायचं यंत्र आलं आणि माझी वायर कापली. मी छपरावर तसाच राहिलो. माझ्या तोंडात साळुंकीनं घरटं केलं, पिल्लं काढली. ते दिवस खरंच बरे गेले. पुढे छप्पर बदललं आणि मी घरट्यासकट भंगारात गेलो. सायकली आणि पंख्यांच्या ढिगात उलटा पडलो. उलट्या भोंग्यात पाणी साचतं, पाण्यात डास होतात. दमदार आवाजाचं मोल हे असं होतं.

आता शाळेची गोष्ट. ही शाळा तारापूरच्या बाजूला, समुद्रकाठच्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावानं नंतर जो गोंधळ घातला तो ते स्वतः आवडीनं सांगतात, पण दुसऱ्यानं सांगितलेला त्यांना चालत नाही.

या शाळेला तंत्रज्ञानाची एक पेटी मिळाली होती. लॅपटॉप, विजेची छोटी बोर्डं, सेन्सर, वायरी. मुख्याध्यापक शांताराम गुरुजींनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. "तुटलं तर जबाबदार कोण?" हे त्यांचं वाक्य. दसऱ्याला पेटी बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा कुलूप. लॅपटॉपच्या बटणांमध्ये अक्षता अडकल्या होत्या. मला याचा संताप येतो. यंत्राला नमस्कार नको असतो हो, काम हवं असतं!

मग सातवीच्या वर्गावर मंगलाबाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात किल्ली मागितली आणि मिळेपर्यंत रोज मागितली. पेटी वर्गात आणली आणि म्हणाल्या, "थर्माकोलचा ज्वालामुखी यंदा कुणी आणला, तर तो त्याच्याच डोक्यावर ठेवीन. तुमच्या घरी कशाची पंचाईत होते ते सांगा. उत्तर माझ्याकडे नाही. तुम्हीच शोधायचं."

दर्पण म्हणाला, "बाई, आमच्याकडं नेट नाय चालत."

"ती तुझी पंचाईत नाही, ती तुझ्या आईची सुटका आहे. पुढे?"

मुलं हसली. तेवढ्यात स्नेहा उभी राहिली. "बोंबील भिजतात," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. अर्ध्या वर्गाच्या घरी बोंबील वाळतात. बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवायचे आणि दोरीवर टाकायचे. त्या मांडवाला वलांडी म्हणतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा घर या सुक्या बोंबलांवर चालतं. पण हिवाळ्यात हल्ली अवकाळी पाऊस येतो, वाळत आलेला माल भिजतो, काळा पडतो आणि कुजतो. वलांडीखाली कुणीतरी आभाळ बघत बसावं लागतं. स्नेहाची आई मासे विकायला बोईसरच्या बाजारात जाते. मग बसणार कोण? स्नेहा! गेल्या हिवाळ्यात ती शाळेपेक्षा वलांडीखाली जास्त होती. आणि एक दिवस ती शाळेत आली, नेमका त्याच दिवशी पाऊस आला. आईनं सांगून टाकलं होतं, "यंदा भिजले तं पुढल्या हिवाळ्यात शाळा नाय. वलांडीखालीच बसायचा."

सातवीनं हा प्रकल्प घेतला. तळहाताएवढी एक पट्टी, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा. पट्टीवर पाणी पडलं की बोर्डाला कळतं आणि बोर्ड आवाज करतं. बोर्डाला आज्ञा लिहायचं काम सुकाकडे गेलं. सुकाचे आईबाप डोंगराकडचे, इथे चिकूच्या वाडीत कामाला. वर्गानं त्याची थट्टा केली, "सुक्या, तूच वलांडीवर जाऊन बस, पाऊस तुला घाबरंल." सुका म्हणाला, "बसीन. पण मंग बोंबील मीच खाईन, तुमाला काटं." त्यानंतर थट्टा बंद झाली आणि सगळे त्याच्या लॅपटॉपभोवती गोळा झाले. आधी सगळ्यांनी मिळून दाभणानं अक्षता काढल्या.

पेटीतल्या बोर्डाचा आवाज मात्र चिमणीसारखा होता. समुद्राच्या वाऱ्यात तो पलीकडच्या बाकावरही ऐकू येईना. म्हणून मंगलाबाई स्नेहाला आणि सुकाला घेऊन बोईसरच्या भंगारवाल्याकडे आल्या.

"बेटा, ये फैक्टरी का माल है, खिलौना नहीं," भंगारवाला म्हणाला.

सुकानं माझ्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. घरट्याच्या काड्या बाहेर काढल्या आणि घशातल्या पत्र्यावर टिचकी मारली. "फाटला नाय. वाजंल."

स्नेहानं मला ओढणीनं पुसलं. इतक्या वर्षांत मला पुसणारी ती पहिली. मी पत्र्याचा आहे म्हणून रडलो नाही, एवढंच.

माझी जागा शाळेच्या छपरावर ठरली. मोठ्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. ते काम गावच्या वायरमननं केलं. शाळेला लागूनच बोंबील वाळवायचं मैदान आहे. तिथपर्यंत बारीक वायर गेली आणि मुलांनी पट्टी वलांडीच्या खालच्या दोरीला बांधली. बोंबील तिथे, म्हणून पट्टी तिथे! सगळ्यांना ते इतकं बरोबर वाटलं की कुणी दुसरा विचारच केला नाही.

दुसऱ्या सकाळी ताजे बोंबील वलांडीवर चढले. मित्रांनो, ताजा बोंबील म्हणजे कातडीत भरलेलं पाणी. ते पाणी टपटप पट्टीवर पडलं. आभाळ लख्ख निळं, आणि मी छपरावरून गळा काढला. लांब, सलग, अगदी कारखान्यातल्यासारखा.

आता हे गाव तारापूरच्या बाजूचं. अणुकेंद्राच्या आसपासच्या गावांत भोंगा वाजला की काय करायचं, याची कवायत लोकांना ठाऊक असते. कुणाच्या मनात पाऊस आलाच नाही.

"केंद्रात कायतरी झाला!"

धडाधड दारं-खिडक्या बंद. नाकावर ओले रुमाल. एक म्हातारा कोंबड्या घरात घेत होता, त्याची सून ओरडत होती, "बाबा, कोंबड्या ऱ्हाऊं द्या, तुमी आत या!" पोलीस पाटील मोटारसायकलवर बनियनमध्येच निघाले. आणि मी ओरडतोच आहे, कारण बोंबील गळतोच आहे. शेवटी मंगलाबाईंनी वायर उपटली.

मग गाव शाळेत आलं. पुढे रत्नाबाई, स्नेहाची आत्या. वलांडीवाल्या बायकांत तिचा शब्द शेवटचा.

"कोन रं तो भोंगेवाला? माजा चहा सांडला, माजी सासू पलंगाखाली गेली, ती अजून भायेर येत नाय!"

शांताराम गुरुजींचा चेहरा पांढरा झाला. "शनिवारी भोंगा भंगारात आणि पेटी कपाटात," ते म्हणाले. स्नेहाची आई मागे उभी होती. ती गर्दीतून पुढे आली. पोरीजवळ जाऊन म्हणाली, "झाला तुजा प्रयोग? सोमवारपासून वलांडीखाली बस."

मी छपरावरून ऐकत होतो. एवढा मोठा आवाज असून मला एक शब्द बोलता येईना.

वर्गात रडारड झाली नाही, भांडण झालं. सुकानं पट्टी सोडून आणली, हुंगली आणि दर्पणच्या नाकाखाली धरली. "हुंग! कसला वास?"

"बोंबलाचा. शी!"

"मंग पाऊस कधी बोंबलासारखा वास मारतो काय?"

मग सगळे एकदम ओरडले. पट्टी उंच बांबूच्या टोकाला लावायची, बोंबलांच्या वर. तिरकी, म्हणजे दवाचं पाणी ओघळून जाईल. समुद्राचं मीठ बसतं, म्हणून रोज वायर काढून गोड्या पाण्यानं धुवायची. आणि भोंगा सलग वाजवायचाच नाही. "कवायतीचा वाटला म्हणून लोक घाबरले," स्नेहा म्हणाली. "आपली चाल वेगळी पायजे." दर्पणनं बाक वाजवून दाखवला, तीन आखूड आणि एक लांब. सुकानं तशीच आज्ञा लिहिली. आजवर मला नुसतं चालू आणि बंद केलं होतं. चाल पहिल्यांदाच मिळाली!

ती चाल घेऊन स्नेहा आत्याच्या दारात गेली. "आत्या, चूक आमची. पन पेटी कपाटात गेली तं तुजे बोंबील सुके ऱ्हातील काय? एक डाव दे."

रत्नाबाई सुपातले बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, "मागच्या टायमाला माज्या वलांडीवरचा माल कुत्र्यांनी पन हुंगला नाय. दिला डाव. पुढं पाऊस नसताना वाजला, तं भोंगा तुज्या गळ्यात बांदीन." आणि तिनं गुरुजींना निरोप धाडला की शनिवार पुढे ढकला. गुरुजींनी ढकलला. रत्नाबाईला नाही म्हणायची छाती गावात कुणाची नव्हती. स्नेहाच्या आईनंही लेकीला तेवढ्यापुरतं शाळेत जाऊ दिलं.

दिवस गेले, पाऊस नाही. मी गप्प. मुलं पट्टी धुवायची आणि आभाळाकडे बघायची.

मग जानेवारीत रत्नाबाईच्या लेकाची, रूपेशची हळद आली. मांडव गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दुपारपासून डीजे सुरू. सगळं गाव तिकडे, बायका नव्या साड्यांत, नवरदेव डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. वलांड्या भरलेल्या आणि खाली राखणीला कुणी नाही. सातवीचा तास चालू होता. दक्षिणेकडून ढग आला आणि बांबूच्या टोकावर पहिले थेंब पडले.

मी वाजलो. तीन आखूड, एक लांब. पुन्हा तीन आखूड, एक लांब.

आणि काय झालं सांगू? तिकडे गाव नाचायला लागलं! डीजेच्या ठेक्यात माझी चाल बरोब्बर बसली. पोरांना वाटलं, गाण्याचाच तुकडा आहे. "वाढव, वाढव!" म्हणून हात वर गेले. मी जीव तोडून ओरडतोय आणि माझ्या प्रत्येक ओरडण्याला शिट्ट्या पडतायत!

मुलं केव्हाच मैदानात धावली होती. पण भरलेल्या वलांड्या आणि एक वर्ग, कसं पुरणार? स्नेहा आईच्या दोऱ्या ओरबाडत होती. एकीकडे माल पाटीत टाकायचा, एकीकडे मांडवाच्या दिशेनं बघायचं. कुणी येईना.

तिकडे नाचता नाचता रत्नाबाई थांबली. तिनं कान दिला. मग सरळ डीजेवाल्याच्या टेबलावर चढली.

"बंद कर रे तुजा तो! आपला भोंगा हाय! पाऊस आला, पाऊस!"

आपला. ऐकलंत? कारखान्यात मी मालकाचा होतो, भंगारात किलोचा. या बाईनं मला आपला म्हटलं, तेही टेबलावर उभी राहून.

अख्खी हळद वलांड्यांकडे पळत आली. जरीच्या साड्या खोचलेल्या, हातात चपला. नवरदेव सगळ्यांच्या पुढे. "रूपेश, तू नको, तुला हळद लागलीय!" कुणीतरी ओरडलं. तो म्हणाला, "मंग बोंबलांना पन लागू दे!" शाळेच्या व्हरांड्यात मावेना, तेव्हा भरलेल्या पाट्या लग्नाच्या मांडवात नेल्या, खुर्च्या बाहेर फेकल्या आणि गालिच्यावर बोंबलांचे ढीग घातले. पावसानं जोर धरला तेव्हा वलांड्यांवर रिकाम्या दोऱ्या होत्या. पाहुणे पावसात भिजत होते, बोंबील मांडवात कोरडे होते. डीजे पुन्हा सुरू झाला आणि लोक त्या पावसात नाचले. मी वाजतच होतो, मला कुणी बंद केलं नाही. माझा आवाज ऐकून माणसं हसत होती.

स्नेहाच्या आईनं मांडवाच्या कोपऱ्यात आपली पाटी चाचपली. एक बोंबील मोडून बघितला. कटकन मोडला. लेकीला म्हणाली, "उद्या शाळेत जा. परवा पन जा. आनि त्या सुक्याला जेवायला बोलव, वाळून काडी झालाय पोर."

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. समुद्राचं खारं वारं मला रोज थोडं थोडं खातं. पण मला वाऱ्याची भीती नाही, मला भीती आहे ती नुसतं ठेवून देण्याची. वस्तू वापरल्यानं जेवढी झिजते त्याच्यापेक्षा कुलपात जास्त मरते. आम्हाला वापरताना चुका करा, आम्ही सोसतो. चूक झाली की सोडून पळू नका, पट्टी हुंगून बघा. आणि काम झालं की फडक्यानं पुसा. एवढ्यावर आमचं भागतं.

बाकी नंतर. खाली छपराला शिडी लागली आहे. रत्नाबाईच्या होडीचा रंग उरलाय, तो मला द्यायचाय. निळा की पिवळा यावरून सातवीत जुंपली आहे, आणि शांताराम गुरुजी शिडी धरून ओरडतायत, "अरे, आधी गंज तरी खरवडा!"